विद्यार्थ्यांचे नियतकालिक : 'पार्थेनन' (१८३०) आणि 'मराठी ज्ञानप्रसारक' (१८५०–१८६७)

इ. स. १८३० च्या फेब्रुवारी महिन्यात कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातील विद्यार्थ्यांनी 'पार्थेनन' या नावाचे एक इंग्रजी पत्र काढले. त्याचा पहिला अंक प्रसिद्ध झाला. दुसरा अंक छापून तयार होता. परंतु तो वाचकांच्या हाती पडला नाही. तिसऱ्याचा प्रश्नच उद्भवला नाही. यानंतर वीस वर्षांनी, १८५० साली, मुंबईत एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी उभारलेल्या सभेचे 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघाले आणि ते १८६७ पर्यंत चालले. एक पत्र एका अंकात संपावे आणि दुसरे सतरा वर्षे टिकावे, याचे कारण सामान्यतः दोन्ही नगरींच्या स्वभावभेदात शोधले जाते. बंगाली तरुण उतावळा, मुंबईकर सावध, असे ते स्थूल स्पष्टीकरण आहे. परंतु दोन्ही प्रयत्नांची हकीकत शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर स्वभावापेक्षा अन्य दोन गोष्टी अधिक निर्णायक होत्या असे दिसते : लिहावयाचे कोणत्या भाषेत, आणि कोणत्या विषयावर लिहावयाचे नाही.

हिंदू कॉलेजची स्थापना २० जानेवारी १८१७ रोजी झाली. ते सरकारने काढलेले कॉलेज नव्हते. कलकत्त्यातील धनिक हिंदू गृहस्थांनी आपल्या मुलांना इंग्रजी विद्या मिळावी म्हणून ते स्थापन केले होते, आणि व्यवस्थापक मंडळात त्यांचेच प्राबल्य होते. १८२६ साली तेथे हेन्री लुई व्हिव्हियन डिरोझिओ हा सतरा वर्षांचा युरेशियन तरुण शिक्षक म्हणून आला. त्याने १८२८ च्या सुमारास 'अ‍ॅकॅडेमिक असोसिएशन' ही वादसभा सुरू केली. विधिलिखित आणि पुरुषार्थ, मूर्तिपूजा, पुरोहितांचा अधिकार असल्या विषयांवर पंधरा-सोळा वर्षांची मुले तेथे इंग्रजीत वाद करीत. 'पार्थेनन' हे या वादसभेचेच छापील रूप होय. पहिल्या अंकात स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार होता, न्यायदान महाग असल्याची तक्रार होती आणि हिंदूंच्या रूढींवर टीका होती. कालानुक्रमे पाहता हा मजकूर थक्क करणारा आहे. सतीबंदीचा कायदा होऊन तेव्हा दोनच महिने झाले होते.

त्या वेळी कलकत्त्यात १८२३ चे मुद्रणविषयक निर्बंध अमलात होते. परवान्यावाचून पत्र चालविता येत नसे. तथापि 'पार्थेनन' बंद केले ते सरकारने नव्हे. पालकांत खळबळ उडाली आणि कॉलेजचे 'व्हिजिटर' डॉ. होरेस हेमन विल्सन यांनी दुसऱ्या अंकाचे वितरण थांबविले. ही बाब लहानशी वाटली तरी विद्यार्थी-पत्रांच्या इतिहासात ती मूलभूत आहे. विद्यार्थ्याच्या लेखणीवरील पहिला निर्बंध शासनसंस्थेकडून न येता ज्या वास्तूत तो शिकतो तेथूनच आला. सरकारी परवान्याची अट पुढे १८३५ साली मेटकाफच्या कारकीर्दीत रद्द झाली. व्हिजिटरच्या अधिकाराला मात्र तो कायदा लागू पडत नव्हता.

विल्सन हे कोणी विद्याद्वेष्टे नव्हते. १८१९ साली प्रसिद्ध झालेल्या संस्कृत-इंग्रजी कोशाचे ते कर्ते, आणि पुढे ऑक्सफर्डच्या बोडेन अध्यासनाचे पहिले प्राध्यापक. मंडळातील दुसरे प्रमुख गृहस्थ राजा राधाकांत देव हे 'शब्दकल्पद्रुम' या अवाढव्य संस्कृत कोशाचे संपादक. तिसरे रामकमल सेन. त्यांचा इंग्रजी-बंगाली कोश १८३४ मध्ये निघाला. तीन कोशकारांच्या देखरेखीखाली एक विद्यार्थी-पत्र गुदमरावे, हा योगायोग भाषाभ्यासकाला बोचल्याशिवाय राहत नाही. शब्दांचा संग्रह करणाऱ्याला शब्दांच्या वापराविषयी औदार्य असतेच असे नाही, एवढेच यावरून म्हणता येईल. विल्सन यांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. कॉलेज लोकांच्या वर्गणीवर व विश्वासावर उभे होते, आणि मुलगे धर्मभ्रष्ट होतात ही वदंता पसरताच पालक त्यांना काढून घेऊ लागले. पत्र वाचवावे की कॉलेज, असा पेच त्यांच्यापुढे होता. त्यांनी कॉलेज निवडले.

परंतु पत्र बंद झाल्याने प्रकरण मिटले नाही. धर्म व राजकारण यांची चर्चा होते अशा सभांना विद्यार्थ्यांनी जाऊ नये, अशी ताकीद निघाली. एप्रिल १८३१ मध्ये रामकमल सेन यांच्या पुढाकाराने मंडळाची बैठक झाली. डिरोझिओ अध्यापनास अयोग्य आहे असे म्हणावयास बहुमत तयार नव्हते; तथापि त्याला दूर करणे इष्ट आहे, असा ठराव झाला. ज्यात दोष सिद्ध होत नाही परंतु शिक्षा मात्र ठरते, अशा ठरावांचा हा एक जुना नमुना आहे. २५ एप्रिलला डिरोझिओने राजीनामा दिला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला पटकीने त्याचा अंत झाला. त्याचे वय बावीस होते.

त्याच्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या भिंतीबाहेर पडून लगेच नवी पत्रे काढली. मे १८३१ मध्ये कृष्णमोहन बंद्योपाध्याय यांचे इंग्रजी 'एन्क्वायरर' निघाले. त्याच वर्षी 'ज्ञानान्वेषण' सुरू झाले. दक्षिणारंजन मुखोपाध्याय व रसिककृष्ण मल्लिक यांचा त्यात प्रमुख भाग होता. ते पुढे इंग्रजी व बंगाली अशा दोन भाषांत निघू लागले. १८४२ चे 'बेंगॉल स्पेक्टेटर' हेही द्वैभाषिक होते. म्हणजे 'पार्थेनन'ची संपूर्ण इंग्रजी या मंडळींना लवकरच अपुरी वाटू लागली होती. ते स्वाभाविक होते. ज्या रूढींविरुद्ध त्यांनी लिहिले त्या पाळणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना इंग्रजी वाचता येत होते. वाचणारे होते ते इंग्रज अधिकारी, मिशनरी, आणि तक्रार करावयास समर्थ असे मूठभर वजनदार पालक. घरातील स्त्रियांच्या शिक्षणाविषयीचा लेख त्या स्त्रियांना कधीच वाचता येणार नव्हता. त्यांच्या सासऱ्यांना मात्र कोणीतरी तो समजावून सांगू शकत होता. विद्यार्थी-पत्राला जो धोका असतो तो सर्व 'पार्थेनन'ला होता, आणि जो आधार असू शकतो तो काहीही नव्हता.

या मंडळींपैकी प्यारीचांद मित्र व राधानाथ शिकदार यांनी १८५४ साली 'मासिक पत्रिका' काढली. राधानाथ हे त्रिकोणमितीय सर्वेक्षणातील गणिती. हिमालयाच्या सर्वोच्च शिखराच्या उंचीच्या गणनेशी त्यांचे नाव जोडले जाते. ही पत्रिका सामान्य लोकांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी आहे, असे त्यांनी स्पष्ट जाहीर केले आणि पंडिती बंगाली टाळून घरात बोलली जाते तशी भाषा वापरली. प्यारीचांदांची 'आलालेर घरेर दुलाल' ही कथा प्रथम याच पत्रिकेत क्रमशः आली व १८५८ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. तिच्या भाषेला 'आलाली' असे नावच पडले. 'पार्थेनन'च्या पिढीला आपल्या बहिणींना समजेल अशा भाषेपर्यंत यावयास चोवीस वर्षे लागली.

त्यापूर्वी आणखी एक प्रसंग घडला होता. १८३८ साली या तरुणांनी 'सोसायटी फॉर द अ‍ॅक्विझिशन ऑफ जनरल नॉलेज' ही सभा स्थापली. तिच्या बैठकी हिंदू कॉलेजच्या सभागृहात होत. ८ फेब्रुवारी १८४३ रोजी दक्षिणारंजन यांनी कंपनीच्या फौजदारी न्यायालयांवर व पोलिसांवर निबंध वाचण्यास आरंभ केला. प्राचार्य कॅप्टन डी. एल. रिचर्डसन मध्येच उठले आणि कॉलेज राजद्रोहाचा अड्डा होऊ दिला जाणार नाही, अशा अर्थाचे बोलले. अध्यक्षस्थानी ताराचंद चक्रवर्ती होते. रिचर्डसन येथे पाहुणे आहेत, सभेच्या कामात त्यांनी व्यत्यय आणू नये व शब्द मागे घ्यावेत, असे त्यांनी प्राचार्यांना बजावले. सभागृह प्राचार्यांचे, सभा मात्र सभासदांची, हा भेद इतक्या स्पष्टपणे या देशात बहुधा त्यापूर्वी कोणी केला नव्हता. परिणाम काय झाला? पुढील बैठकी कॉलेजबाहेर भरू लागल्या. तत्त्व सभासदांचे खरे ठरले आणि इमारत प्राचार्यांकडे राहिली.

कलकत्त्यातील या घडामोडी चालू असताना मुंबईत निराळ्या प्रकारची पूर्वतयारी झाली होती. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. त्याच्या पृष्ठावर आरंभापासूनच दोन स्तंभ होते, एक इंग्रजी व एक मराठी. म्हणजे बंगालमध्ये जे अनुभवाने नंतर सुचले ते येथे प्रारंभीच गृहीत धरले गेले. जांभेकर पुढे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाले. १८४० साली त्यांनी 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असे विषय मराठीत मासिकरूपाने मांडता येतात, हे त्यामुळे सिद्ध झाले. १८४६ साली त्यांचे अकाली निधन झाले. अध्यापक आणि संपादक या दोन भूमिका एका व्यक्तीत नांदू शकतात, याचे उदाहरण एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांपुढे अशा रीतीने पूर्वीच होते. हिंदू कॉलेजात ते डिरोझिओच्या रूपाने होते, पण त्याला काढून टाकण्यात आले होते.

१३ जून १८४८ रोजी एल्फिन्स्टनचे विद्यार्थी व काही प्राध्यापक यांनी मिळून 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. प्राध्यापक पॅटन हे तिचे पहिले अध्यक्ष. दादाभाई नौरोजी हे तिच्या प्रमुख चालकांपैकी एक. मुख्य सभेचे काम इंग्रजीत चाले. परंतु त्याच वर्षी तिच्या भाषावार शाखा निघाल्या : गुजराती 'ज्ञानप्रसारक मंडळी' आणि मराठी 'उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा'. मराठी शाखेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्याकडे आले. १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध करणारे हे वैयाकरण. कलकत्त्याप्रमाणे येथेही विद्यार्थ्यांच्या पत्रावर एक भाषापंडितच बसला होता. परंतु तो पत्र थांबविण्यासाठी नव्हे, चालविण्यासाठी.

गुजराती शाखेचे मासिक १८४९ मध्ये निघाले व मराठी शाखेचे १८५० मध्ये. त्यांची रीत अशी होती की, सभासदाने निबंध लिहावा, तो सभेत वाचावा, आणि मग तो मासिकात छापावा. या रीतीचे भाषिक परिणाम लक्षात घेण्याजोगे आहेत. तोपर्यंत मराठी गद्याचे जे नमुने तरुण लेखकापुढे होते ते मुख्यतः तीन : बखरीचे गद्य, शास्त्री मंडळींनी केलेली शालेय पुस्तकांची भाषांतरे, आणि मिशनऱ्यांची मराठी. यांपैकी कोणत्याही गद्यात समोर बसलेल्या, जाणत्या व आक्षेप घेऊ शकणाऱ्या समवयस्क श्रोत्यांना पटवून द्यावयाचे नसते. सभेत वाचावयाच्या निबंधाला ते करावे लागते. म्हणून येथे विधान, त्याचे कारण, संभाव्य शंका व तिचे निरसन अशी वाक्यांची साखळी बांधणे लेखकाला भाग पडले. वाक्ये लांब झाली, 'जो–तो', 'जर–तर', 'जरी–तरी' यांच्या जोड्यांवर त्यांचा तोल सांभाळावा लागला. शास्त्रीय कल्पनांसाठी संस्कृतातून शब्द घडवावे लागले, आणि ते ऐकताक्षणी कळतील की नाहीत याची परीक्षा त्याच संध्याकाळी होत असे. निबंध हा मराठी वाङ्मयप्रकार 'निबंधमाले'पासून, म्हणजे १८७४ पासून, मोजण्याची सवय आहे. विष्णुशास्त्र्यांचे श्रेय यत्किंचितही कमी न करता असे म्हणता येते की, त्यांना जी वाक्यरचना तयार मिळाली तिची तालीम या विद्यार्थी-सभेत झाली होती.

मासिकाच्या दीर्घायुष्याचे दुसरे कारण त्याच्या नियमांत होते. धर्म आणि राजकारण हे दोन विषय सभेने चर्चेतून वगळले होते. कलकत्त्याचा अनुभव लक्षात घेता हे शहाणपण होते यात शंका नाही. इतिहास, विज्ञान, व्यापार, लोकस्थिती यांवर लिहावे. ज्यामुळे 'पार्थेनन' बुडाले तेथे पाऊल टाकू नये. परंतु या शहाणपणाची किंमत किती होती, हे त्याच मंडळींच्या इतर उद्योगांकडे पाहिल्यावर कळते. कारण जे छापावयाचे नाही ते विचारातून नाहीसे झाले नव्हते.

त्यातील काही कृतीत उतरले. १८४९ मध्ये सोसायटीने मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सभासदांनी फावल्या वेळात, प्रारंभी वेतनावाचून, तेथे शिकविले. नाना शंकरशेट यांनी अशा एका शाळेसाठी आपली जागा दिली. 'पार्थेनन'ने स्त्रीशिक्षणावर लेख लिहिला आणि ते बंद पडले. येथे आधी वर्ग भरले.

काही गोष्टींसाठी स्वतंत्र पत्रे निघाली. १८५१ च्या ऑक्टोबरात मुंबईत पारशी व मुसलमान यांच्यात दंगल झाली आणि पुढच्याच महिन्यात दादाभाईंनी 'रास्त गोफ्तार' सुरू केले. राजकारणासाठी १८५२ मध्ये 'बॉम्बे असोसिएशन' स्थापन झाली व डॉ. भाऊ दाजी तिचे एक चिटणीस झाले. विद्यार्थ्यांच्या मासिकात जे वर्ज्य होते ते विद्यार्थिदशा संपताच बाहेरच्या पत्रात ग्राह्य होत गेले. या व्यवस्थेचा सर्वांत ठळक लाभार्थी, आणि सर्वांत मोठी झळ सोसणारा, करसनदास मुळजी होय. एल्फिन्स्टनमध्ये शिकत असताना त्याने विधवाविवाहावरील एका निबंधस्पर्धेसाठी लेखन केले. निबंध छापून येण्यापूर्वीच तो घरात सापडला, आणि ज्या वृद्ध नातलग स्त्रीने त्याला वाढविले होते तिने त्याला घराबाहेर काढले. १८५५ मध्ये त्याने 'सत्यप्रकाश' काढले. १८६० च्या ऑक्टोबरात वल्लभ संप्रदायाच्या महाराजांच्या आचरणावर लेख लिहिला. महाराजांनी पन्नास हजार रुपयांच्या अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो १८६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चालला आणि करसनदासच्या बाजूने निकाल लागला. डॉ. भाऊ दाजी त्यात साक्षीदार होते. ज्या सभेने धर्म हा विषय वर्ज्य मानला तिच्या परिसरात वाढलेल्या तरुणांनी तो विषय भर न्यायालयात उघडा केला, हे विसरता येत नाही.

आणि काही गोष्टी छापल्याही गेल्या नाहीत, उघड केल्याही गेल्या नाहीत. १८४९ साली मुंबईत 'परमहंस सभा' ही गुप्त मंडळी स्थापन झाली. जातिभेद मोडणे व मूर्तिपूजा नाकारणे हे तिचे ध्येय. ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाणे हा प्रवेशविधीचा भाग. राम बाळकृष्ण जयकर तिचे अध्यक्ष होते आणि तिच्यामागील विचार दादोबांचा होता. म्हणजे एकाच काळात, एकाच नगरीत, एकच गृहस्थ एका सभेत धर्मचर्चा नको या नियमाखाली अध्यक्षस्थान भूषवीत होते आणि दुसऱ्या सभेत बंद दारामागे त्याच धर्माची फेरमांडणी करीत होते. याला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. मुलांचे मासिक जिवंत ठेवावयाचे तर अध्यक्षाला आपली अर्धी मते खिशात ठेवावी लागत. तथापि गुप्ततेचे आयुष्य छापील मासिकाहून कमी ठरले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे असलेले कागद चोरीस गेले, नावे फुटतील या भीतीने मंडळी पांगली आणि सभा संपली. मासिक त्यानंतरही सात वर्षे चालू होते.

एल्फिन्स्टनमध्ये बंधने नव्हती असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. महादेव गोविंद रानडे यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची ब्रिटिश कारभाराशी तुलना करून पहिल्याकडे झुकते माप दिले, म्हणून प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली, हा प्रसंग त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविला आहे. रिचर्डसन आणि ग्रँट यांच्या भूमिकेत फारसे अंतर नाही. अंतर आहे ते रानड्यांजवळ दुसरी पाने होती यात. १८६२ साली सुरू झालेल्या 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी विभागात ते लिहू लागले. त्याच पत्राच्या मराठी विभागात विष्णुशास्त्री पंडित पुनर्विवाहाचा पुरस्कार करीत होते. दक्षिणारंजनला सभा घेऊन इमारत सोडावी लागली. रानड्यांना काहीच सोडावे लागले नाही, शिष्यवृत्तीच्या सहा महिन्यांखेरीज.

'मराठी ज्ञानप्रसारक' १८६७ मध्ये बंद पडले. त्याच वर्षी ३१ मार्चला मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग तिचे पहिले अध्यक्ष. त्याच वर्षी जुलैमध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांचे 'विविधज्ञानविस्तार' निघाले आणि मासिकाची परंपरा विद्यार्थ्यांच्या सभेकडून व्यवसायाने लेखक असलेल्यांकडे गेली. पुढच्या वर्षी, १८६८ मध्ये, 'धर्मविवेचन' हे छोटे पुस्तक छापून निघाले. सर्व मनुष्यांचा धर्म एक आणि जात एक, असा त्याचा आशय. परमहंस मंडळीत तो पूर्वीपासून परिचित होता. पुस्तकावर लेखकाचे नाव 'एक जगद्वासी आर्य' असे होते. दादोबा तेव्हा चौपन्न वर्षांचे होते, आणि त्यांच्या व्याकरणाच्या आवृत्त्या त्यांच्या नावाने निघत होत्या.